प्लेगात गाव सोडून रानात राहायचे, ते क्वारंटाईनच का?

रानवारा:
आजी लहान असताना गावात प्लेग आला होता. ती सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की दवंडी व्हायची आणि अख्खं गाव दाराला कुलपं लावून रानात, खोपी बांधून महिना-दोन महिने तिकडंच राहायचं. एकदा तिची आई रात्री गुपचूप घरी जाऊन ज्वारीचं पोतं घेऊन आली तर पणजोबांनी तिला आठ दिवस बांधावर वेगळं ठेवलं, भाकरी लांबनं ठेवायचे. कोविडात आपण घरात बसलो, हे लोक घर सोडून जायचे, मग उपयोग व्हायचा का खरंच?

सदाफुली:
व्हायचा, आणि चांगलाच. गाठीचा प्लेग पसरतो उंदराच्या अंगावरच्या पिसवांनी, उंदीर मेला आणि गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जे गरम अंग सापडेल त्याला चावतात. हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं, पण उंदीर पडले की माणसं पडतात हे बायाबापड्यांना दिसतच होतं ना. पिसवांचं घरच सोडलं की झालं. फक्त प्लेग फुप्फुसात उतरला तर खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाला जातो, तिथं रुग्णाला वेगळं ठेवावंच लागतं.

हडपसरकर:
पुण्यात १८९७ ला इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घराघरात घातले, रुग्ण दवाखान्यात आणि घरचे कँपात. लोक एवढे धास्तावले की आजारी माणूस लपवायला लागले, म्हणजे ज्याला शोधायचं तोच सापडेना! २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ते याच रागातून. आणि त्याच साली हडपसरजवळ ससाणे मळ्यात मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्ण आणत होत्या, मुंढव्याचं एक आजारी पोर तर पाठीवर घेऊन आल्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. वेगळं ठेवणं दोन्हीकडं होतं, पण ससाणे मळ्यात माणूस आपलं माणूस स्वतःहून सोपवत होता. मला हे वाचताना अजून गलबलतं.

रानवारा:
हे माहीत नव्हतं, थँक्यू. ते ज्वारीचं पोतं पणजोबांनी खोपीत येऊच दिलं नव्हतं, लांब खडकावर उन्हात पसरायला लावलं होतं. मला वाटायचं रागानं केलं असेल.

सदाफुली:
पोत्यातनं पिसवा येतात, कडक उन्हात मरतात. बरोबर केलं त्यांनी.