पाचवीत परत बसवलं आणि क्लबहाऊसची चावी

अनघा ए-६०३: एक विचारायचं होतं सगळ्यांना. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनची मुलगी, ती दोन वेण्यावाली, आज मीटर रूमच्या पायरीवर रडत बसलेली. विचारलं तर म्हणे पाचवीत परत बसवलंय, शाळा सुरू झाली आणि मैत्रिणी सगळ्या सहावीच्या वर्गात गेल्या, ही जुन्याच बाकावर. असं करता येतं का शाळेला? आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

मिलिंद बी-११०४: करायलाच पाहिजे. ढकलपासनेच वाट लावलीय पोरांची. ढकलत ढकलत नववीपर्यंत आणायचं आणि मग तिथे आपटलं की पालक शाळेत भांडायला जातात. मी स्वतः आठवीत बसलोय, परळच्या शाळेत, बाबांनी पट्टा काढला होता, पुढच्या वर्षी गणितात वर्गात दुसरा. भीती पाहिजे थोडी.

श्रुती ए-९०१: मिलिंददादा पट्ट्याचं नका सांगू, ग्रुपवर माझी आई पण आहे, तिला आयडिया मिळेल 😅

वकील काका सी-३०१: आधी कायदा ऐका, मग भांडा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या कलम १६ मध्ये आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ ला संसदेने ते बदललं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्या, नापास झाला तर दोन महिन्यांत परत संधी द्या, त्यातही गेला तर बसवायचं की पुढे पाठवायचं ते राज्याने ठरवावं. आपल्या राज्यात ही परीक्षा २०२३-२४ पासून आहे. तेव्हा शाळेचं चूक नाही. मात्र आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, हे तिच्या वडिलांना नीट सांगा, कारण पुष्कळदा बसवलं म्हणजे काढलं असंच समजतात.

विजयकाका बी-२०२: 🌹🙏 जपानमध्ये म्हणे शाळेत मुलं स्वतः संडास धुतात 🙏🌹 पुढे पाठवा

सेक्रेटरी: काका हे तिसऱ्यांदा आलंय.

हेमंत सी-७०४: मिलिंद, पट्टा सगळ्यांना लागू पडत नाही. माझ्या मोठ्या भावाला सातवीत बसवलं होतं, लालबागला राहायचो आम्ही. धाकटा भाऊ म्हणजे मी एक वर्ष मागे, जूनमध्ये दोघं एकाच वर्गात. तो आठ दिवस आला, नवव्या दिवशी दप्तर घेऊन निघाला तो शाळेत पोचलाच नाही, तो परत कधीच. आई वारेपर्यंत म्हणायची एक वर्ष ढकलला असता तर काय बिघडलं असतं. डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं त्याचं, हे मी खरंच सांगतोय.

मिलिंद बी-११०४: सॉरी रे, हे माहिती नव्हतं. पण मग करायचं काय, काहीच येत नसताना सहावीत पाठवायचं?

शिंदे बाई ए-१०२: बोलून टाइप करतेय, चष्मा सापडत नाहीये, चुका पोटात घाला. मी काल त्या मुलीला घरी बोलावलं होतं, कॅरमच्या नावाखाली. पाचवीचं पुस्तक काढलंच नाही, ते काढलं की मुलं गप्प होतात. दुसरीच्या पातळीचा एक साधा परिच्छेद कागदावर लिहून दिला. तर पाऊस, ढग, नदी हे सगळं धडाधड वाचलं, आणि वर्षा आलं तिथे थांबली, व, र, ष असं बोट ठेवून, मग माझ्याकडे बघून हसली आणि पुढच्या शब्दावर उडी. जोडाक्षर आलं की उडी. म्हणजे चार वर्षं ती उड्या मारत वाचतेय आणि कोणाच्या लक्षात नाही, कारण वर्गात सगळे एका सुरात वाचतात आणि एका सुरात काय, कोणीही खपतं. मग वजाबाकी दिली, बावन वजा सतरा. उत्तर लिहिलं पंचेचाळीस. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला माहिती, खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा असला की काय करायचं ते कधी बसलंच नाही. आणि लगेच तोंडी विचारलं की पन्नासची नोट दिली, सतराचं सामान, परत किती? तेहेतीस! डोळ्याची पापणी लवायच्या आत. रोज दुकानात तीच जाते ना.

शिंदे बाई ए-१०२: तर मिलिंद, तुला उत्तर. सहावीत पाठवली तरी पुस्तक सहावीचं आणि मूल दुसरीत, पाचवीत ठेवली तरी पुस्तक पाचवीचं आणि मूल दुसरीतच. तेच पुस्तक, तोच फळा, परत एकदा वर्षा आलं की उडी. तुझ्यामागे पट्टा होता तशी आई पण रोज घेऊन बसायची ना? बाबांचं लक्षात राहिलं, तिचं विसरलास.

मिलिंद बी-११०४: 🙈 बसायची. पोळ्या लाटता लाटता पाढे.

कविता सी-५०३: बाई, मी अनुदानित शाळेत आहे म्हणून बोलते, राग मानू नका. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत, त्यातली दहा-बारा अशीच. मला कळत नाही असं नाही हो. पण पोर्शन पूर्ण करायचा, ऑनलाइन माहिती भरायची, जनगणना आणि निवडणुकीची कामं तर शिक्षण हक्क कायद्यातच दिलेली आहेत, ती नाकारता येत नाहीत. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. शेहेचाळिसाव्या वर्षी मी रात्री बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करतेय आणि माझा मुलगा म्हणतो आई तू नापास झालीस तर तुला पण परत बसवणार का.

श्रुती ए-९०१: 😂😂 पण खरं आहे

प्रशांत बी-६०१: मूळ प्रॉब्लेम भाषेचाच आहे, पहिलीपासून हिंदी आणायला निघाले होते तेव्हाच मी इथे

सेक्रेटरी: प्रशांत, तो विषय बंद. जीआर एप्रिल २०२५ मध्ये आला आणि २९ जूनला मागे घेतला, पण त्यावरून आपल्या ग्रुपमधून दोन जण गेले ते अजून आले नाहीत.

संकेत बी-८०२: बाई म्हणतायत त्यावर खूप काम झालंय आणि तेही आपल्या मुंबईतच. प्रथम संस्थेचा बालसखी नावाचा प्रकार होता, म्युन्सिपाल्टीच्या शाळांमध्ये. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी मुंबई आणि बडोद्यात तो तपासला, २००७ ला पेपर छापला. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला असं निघालं.

शिंदे बाई ए-१०२: अरे बालसखी माझ्या शाळेत यायच्या! पेपर-बिपर मला ठाऊक नाही, पण मुली आठवतात. वस्तीतल्याच, शिकलेल्या पण डीएड वगैरे काही नाही, फार पगार पण नाही. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून काढायची आणि रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची, जागा नसेल तर जिन्याखाली. सुरुवातीला मला राग यायचा, म्हटलं ही कालची पोर मला शिकवणार. पण ती मुलाला त्याची इयत्ता विचारायचीच नाही, तुला काय वाचता येतं एवढंच विचारायची. एक मुलगा आठवतो, चौथीत होता आणि बाराखडीत अडकलेला, दिवाळीनंतर माझ्या टेबलावर आला आणि माझ्याच हजेरीपटावरची नावं वाचायला लागला, मोठ्याने, आडनावासकट.

संकेत बी-८०२: पण त्याच पेपरमध्ये हे पण आहे की कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने फायदा बराच ओसरला. म्हणजे दोन महिने उत्साहात करायचं आणि गणपती आले की सोडून द्यायचं, असं नाही चालणार. आपल्या सोसायटीची सवय बघता बोललो.

अनघा ए-६०३: टोमणा पोचला. मी सोमवार-बुधवार येऊ शकते, वर्क फ्रॉम होम असतं. बाई तुम्ही?

शिंदे बाई ए-१०२: मी रोज आहे. गुडघे आहेत तोवर. ती एकटी नाहीये, झाडूवाल्या मावशींचा एक आहे, इस्त्रीवाल्याची दोन. पाच ते साडेसहा, क्लबहाऊस मिळालं तर बरं, खाली पावसाचं बसवत नाही.

खजिनदार ए-४०२: माझा विरोध नाही, पण क्लबहाऊस मेंबर्ससाठी आहे. शनिवारी वाढदिवसाची बुकिंगं असतात. आणि एसीचं बिल कोण भरणार? उद्या सगळे स्टाफ म्हणतील आमची पण मुलं.

हेमंत सी-७०४: म्हणू देत ना. त्यासाठीच तर चाललंय.

शिंदे बाई ए-१०२: एसी नको, पंखा पुरे. शनिवारी नाही येणार. माझ्या वर्गात तीस वर्षं पंखा पण तीनवरच फिरायचा.

प्रिया बी-३०३: मला जरा वेगळं वाटतं, सांगू का. माझा मुलगा आयसीएसईला, महिन्याला क्लासला पाच हजार जातात, शाळेने रोबोटिक्स घेतलंय. परवा त्याला इस्त्रीच्या कपड्यांची मराठी चिठ्ठी वाचायला दिली, तर त्याने पण उड्याच मारल्या. त्याला पाठवला तर चालेल का बाई? फी देईन.

शिंदे बाई ए-१०२: पाठव. फी नको, येताना खडू आण. आणि शेजारी बसायचं, वेगळी खुर्ची नाही.

खजिनदार ए-४०२: ओके मग मेंबरचं मूल पण असेल तर तांत्रिक अडचण नाही. कमिटी मीटिंगपर्यंत तात्पुरतं करा. सेक्रेटरी काय म्हणता?

सेक्रेटरी: मला चालेल. चावी कोणाकडे असते आता?

अनघा ए-६०३: गेटवर, ड्रॉवरमध्ये. तिच्या बाबांकडेच.

शिंदे बाई ए-१०२: झालं तर. आता एक काम, कोणाकडे मराठी माध्यमाचं दुसरीचं बालभारतीचं जुनं पुस्तक आहे का? कोणत्याही वर्षाचं चालेल, फाटकं पण.

शिंदे बाई ए-१०२: ?

श्रुती ए-९०१: बाई, एवढ्या फ्लॅट्समध्ये कोणाचं मूल मराठी माध्यमात आहे का हो?

विजयकाका बी-२०२: नातीचं आहे पण ते सातारला.

संकेत बी-८०२: बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. मी डाउनलोड करून उद्या ऑफिसमधून प्रिंट काढतो, पाच कॉपी. पानाच्या दोन्ही बाजूंना काढू का, कागद वाचेल?

शिंदे बाई ए-१०२: एकाच बाजूला काढ. मागे लिहायला होईल त्यांना.