मदत हवी आहे: खासगी डिझाईन कॉलेज सोडायचंय
आम्ही कुडाळचे. मुलगी पुण्यात एका खासगी डिझाईन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. काजूची बाग तारण ठेवून फी भरली. जाहिरातीत प्लेसमेंटची हमी. प्रत्यक्षात फिगर ड्रॉइंगला मास्तरच नाही, सॉफ्टवेअर यूट्यूबवर शिका म्हणतात. पिंगुळीची चित्रकथी आमच्या शेजारी, आणि पोर लोककला पीपीटीवरून शिकतेय, काय बोलायचं! पदवी कुठल्या विद्यापीठाची, तेही धड सांगत नाहीत.

आता तिला एएसी सीईटी (राज्याची कला प्रवेश परीक्षा) देऊन मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात बीएफए (ललित कलेची पदवी) करायचंय. पुन्हा पहिल्या वर्षापासूनच का? सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात कोणाची मुलं शिकलीत का?

मुख्य अडचण म्हणजे मूळ दाखले कॉलेजने अडकवलेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेनुसार ते ठेवून घेता येत नाहीत. पण हे कॉलेज त्यात येतं की नाही, कसं तपासायचं? कोणी असे दाखले सोडवून आणले असतील तर अर्ज कोणाकडे केलात ते कृपया सांगा.