मदत हवी आहे: डोरिस डे यांची मालिका कुठून पाहायला सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन गायिका-अभिनेत्री डोरिस डे यांच्या निवृत्तीपूर्वीच्या वर्षांवर एक लेख लिहायला घेतलाय. सिनेमांची माहिती भरपूर मिळाली, गाडी अडलीय ती टीव्हीपाशी.

१९६८ साली पती मार्टिन मेल्चर गेले आणि मग कळलं, की त्यांनी डोरिसना न विचारताच टीव्ही मालिकेचा करार करून ठेवला होता. शिवाय आयुष्यभराची कमाईही उडालेली. तरी ही बाई उभी राहिली आणि १९७३ पर्यंत 'द डोरिस डे शो' केला! मला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, पण लोक गाण्यांवरच थांबतात.

मालिकेचं रूप दरवर्षी बदलत गेलं. आधी दोन मुलांसह वडिलांच्या शेतावर राहणारी विधवा, मग मासिकाच्या कचेरीत सेक्रेटरी. चौथ्या पर्वात तर मुलं काही न सांगता गायबच!

कोणी ही मालिका पाहिली आहे का? पाचही पर्वं बघायला वेळ नाही. बदल नीट कळावेत म्हणून प्रत्येक पर्वातले कोणते भाग पाहू? त्यांच्यावर मराठीत काही चांगलं वाचलं असेल तर तेही सांगा.