घरचा संगणक आणि कुठला तरी ॲडमिनिस्ट्रेटर : तुमचे अनुभव लिहा

भाची आज लॅपटॉप घेऊन आली. क्रोमच्या मेनूत तळाशी ओळ, 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. बारावीतली मुलगी, तिची कसली ऑर्गनायझेशन! मला पेन ड्राइव्हच्या व्हायरसचे दिवस आठवले. सायबर कॅफेतून पेन ड्राइव्ह घरी आला की कंट्रोल-आल्ट-डिलीटला उत्तर यायचं, 'टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युवर ॲडमिनिस्ट्रेटर'. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्ज साठवायची जागा) बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब. हे सगळं व्हायरसच पॉलिसीत, म्हणजे ॲडमिनने मशीनवर लादायच्या नियमांत, लिहून ठेवायचा.

भाचीकडे ॲड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी टाकलं, तर एक एक्स्टेंशन (क्रोमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) सक्तीने बसवलेलं, काढायचं बटणच नाही. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर आलं होतं. आधी तो कन्व्हर्टर काढला, स्कॅन केला, मग रजिस्ट्रीत एचकेएलएम > सॉफ्टवेअर > पॉलिसीज > गूगलमधली क्रोमची 'की' (नोंदींचा कप्पा) उडवली. गेलं. आपल्या पैशाच्या मशीनवर परक्याचा हुकूम, याचा मला अजून संताप येतो.

---

की उडवण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा हो. काही अँटीव्हायरसही तिथे पॉलिसी लिहितात, नीट वाचून मगच हात लावा.

---

आमच्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. घरच्याच लॅपटॉपवर ह्यांचं ऑफिसचं टीम्स. लॉगिन करताना 'ॲलाउ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस'ची टिक आधीच लावलेली होती. नोकरी बदलली तरी जुन्या कंपनीचे नियम चालूच! सेटिंग्ज > अकाउंट्स > ॲक्सेस वर्क ऑर स्कूल > डिस्कनेक्ट. सुटलो. कुकर झाला, येते नंतर.

---

ताई, इतरांसाठी सांगतो : डिस्कनेक्टआधी स्वतःचं लोकल ॲडमिन खातं आणि त्याचा पासवर्ड चालतोय ना बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीसुद्धा. ती ऑफिसच्या खात्यात साठवलेली असू शकते. ते खातं बंद झालं की बोंबला.

---

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, लेकीच्या कॉलेजसाठी. फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, वायफाय जोडलं की कुठल्याशा कंपनीचं लॉगिन पान. परत फॉरमॅट, परत तेच. ऑटोपायलट म्हणतात त्याला. मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडे त्या कंपनीच्या नावावर नोंदलेली, त्यामुळे डिस्क पुसून काही होत नाही. नोंद कंपनीनेच काढायची. मॅकमध्येही 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणून असंच येतं. दुकानदाराने भांडणानंतर बदलून दिला. जुना घेताना दुकानातच रीसेट करून, नेट लावून पहिल्यापासून सेटअप करून बघा.

---

लॅमिंग्टन रोड!! आमचा पहिला पीसी तिथलाच. दादा आणि मी तो जड मॉनिटर उचलून ग्रँट रोड स्टेशनपर्यंत चालत. टॅक्सीला आई पैसे देईना.

---

आमचाही! पाऊस होता, सीपीयूवर बाबांचा रेनकोट आणि बाबा भिजलेले.

---

माझ्याकडे जीपीएडिट (पॉलिसी बघायचा-बदलायचा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडतच नाही, काय करू?

---

विंडोजच्या होम एडिशनमध्ये ते नसतंच. अडकलेल्या पॉलिसी काढायच्या असतील तर : विंडोज > सिस्टम३२ मधले ग्रुपपॉलिसी आणि ग्रुपपॉलिसीयूझर्स हे लपवलेले फोल्डर दुसरीकडे हलवा, ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्टवर जीपीअपडेट /फोर्स, मग रीस्टार्ट.

---

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर चालेल का हे? यूएसबी बंद आहे, लग्नाचे फोटो घ्यायचेत.

---

नको. ते मशीन त्यांचं, नियमही त्यांचेच. आयटीला सांगा. आणि लग्न कोणाचं? अभिनंदन!

---

धाकट्या बहिणीचं :) मेल टाकते आयटीला.