सल्ला हवा: आई-बाबांना प्लेगचं गाव दाखवायला न्यावं का?

सांगलीकर_मँचेस्टर:
ऑगस्टअखेरीस आई-बाबा येताहेत. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं फर्मान आलंय, "राजवाडे पुरे झाले, आता एखादं खेडं दाखव." डर्बीशरमधल्या 'एयाम'बद्दल ऐकलंय. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि आई शुद्ध शाकाहारी. दिवसभर पुरेल एवढं आहे का तिथे? की चर्च बघितलं, फोटो काढले, चला घरी?

दगडधोंडे:
आधी नाव सुधारून घ्या, म्हणजे रस्ता विचारताना पंचाईत होणार नाही. स्पेलिंग काहीही असो, म्हणायचं 'ईम'.

जरूर न्या. मी तीनदा गेलोय. १६६५च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून शेकोटीसमोर पसरलं आणि त्यातल्या पिसवा घरात सुटल्या, असं सांगतात. शिंप्याकडचा जॉर्ज विकर्स ७ सप्टेंबरला गेला. पुढचे चौदा महिने गावात प्लेग होता. बळी २६०.

१६६६च्या जूनमध्ये गावाने स्वतःला कोंडून घेतलं. पाद्री विल्यम मॉम्पेसन तरुण आणि गावाला नवखा. लोकांचा विश्वास त्याच्या आधीच्या, पदावरून काढलेल्या थॉमस स्टॅन्लीवर होता. एरवी दोघांचं पटलं नसतं, पण या वेळी ते एकत्र आले. प्रार्थना चर्चमध्ये न होता ओढ्याकाठच्या मोकळ्या घळीत होऊ लागली आणि ज्याने त्याने आपलं माणूस आपणच पुरायचं ठरलं. बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवून जात. पैसे दगडाच्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले असत.

तो दगड अजून आहे. ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्या मधल्या शेतात, गावातून पंधरा-वीस मिनिटांवर. खळग्यांत लोक आजही नाणी टाकतात. बाबांना बाकी काही जमलं नाही तरी हा दगड चुकवू नका. वाट शेतातली आहे, पाऊस झाला असेल तर काठी आणि बरे बूट हवेत.

राइली नावाच्या शेतातली थडगी मात्र चढावर आहेत, तेव्हा गुडघ्यांचा अंदाज घ्या. एलिझाबेथ हॅनकॉकने तिथे आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. ती स्वतः वाचली. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही.

पुण्याची_आजी:
धागा वाचून १८९७ आठवलं, म्हणजे वाचलेलं हो, एवढीही म्हातारी नाही मी! आपल्याकडे रँडच्या माणसांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली. त्याच साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. तुमचे बाबा इतिहासाचे, म्हणजे तुलना करणारच. वाटेत दोन तास ऐकायची तयारी ठेवा.

शंकासुर:
'अख्खं गाव स्वखुशीने थांबलं' हे मला पूर्ण पटत नाही. ज्यांना परवडलं ते आधीच निघून गेले. मॉम्पेसनने स्वतःची मुलं बाहेर पाठवली होती. गरिबाला जायला जागाच नसेल तर त्याला 'त्याग' म्हणायचं का?

दगडधोंडे:
प्रश्न रास्त आहे. पण त्याची बायको कॅथरीन थांबली आणि १६६६च्या ऑगस्टमध्ये गेली. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे. बाहेरून धान्याची सोय जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या उमरावाने, डेव्हनशरच्या अर्लने, केली असं सांगतात. म्हणजे हे नुसतं गावाचं धैर्य नव्हे, मागे रसद होती. मला तरी यामुळे गोष्ट जास्त खरी वाटते.

चहाबाज:
इतिहास झाला, आता पोटाचं बघू. संग्रहालयासमोर गाडीतळ आणि स्वच्छतागृह आहे. संग्रहालय छोटं आहे, तास-दीड तास पुरतो. हिवाळ्यात बंद असतं, ऑगस्टमध्ये अडचण नाही. चहाची दुकानं आहेत, स्कोन मिळतात. आईंसाठी अंड्याचं विचारून घ्या आणि डब्यात ठेपले असू द्या. चर्चशेजारच्या 'प्लेग कॉटेज'वर कुणाकुणाचं काय झालं त्याच्या पाट्या आहेत, पण ती लोकांची राहती घरं आहेत, खिडक्यांत डोकावू नका.

बाबांना क्रिकेट आवडतं का? चर्चच्या आवारात हॅरी बॅगशॉ या डर्बीशरच्या खेळाडूचं थडगं शोधा. उडालेल्या यष्ट्या आणि पंचाचं वर केलेलं बोट दगडात कोरलंय. तिथेच आठव्या शतकातला सॅक्सन क्रॉसही आहे, पण आमचे सासरे बॅगशॉपाशीच अडकले.

सांगलीकर_मँचेस्टर:
क्रिकेट? बाबा आता मँचेस्टरहून चालत निघतील! ट्रेनने जमेल का?

चहाबाज:
मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर ग्रिंडलफर्ड स्टेशन आहे, पण तिथून गाव काही किलोमीटर आणि वर चढाचा रस्ता. आई-बाबांसोबत गाडीच बरी. त्याच दिवशी चॅट्सवर्थही उरकता येईल.

दगडधोंडे:
तारीख ठरवताना एक बघा. ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे 'प्लेग संडे', त्याच घळीत अजून प्रार्थना होते. त्याच सुमारास विहिरी सजवतात: ओल्या मातीच्या फळीवर फुलांच्या पाकळ्या टोचून चित्रं. आईंना आपली फुलांची रांगोळी आठवेल. गर्दी असते, तेव्हा दहाच्या आत पोचा.

सांगलीकर_मँचेस्टर:
रविवारच ठरला. आईने ठेपल्यांचं मनावर घेतलंय, चहाबाज, तुमच्या वाटचेही करू म्हणते.