मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क : फायली कशा सोडवल्यात?

जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली ८० जीबीची हार्ड डिस्क सध्या टेबलावर पडून आहे. आयडीई, म्हणजे ४० पिनांची रुंद पट्टीसारखी केबल लागणारी. आवाज अजून ठीक आहे, पण एका फोल्डरवर क्लिक केलं की सगळा कॉम्प्युटर गोठतो आणि बऱ्याच वेळाने शुद्धीवर येतो. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, अहवालात 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या कप्प्यांचा, आकडा काल होता त्याहून आज जास्त दिसला, म्हणून बंद करून ठेवलीय. आत स्कॅन केलेले घरचे फोटो आणि वडिलांचं बरंच लिखाण आहे.

अशा डिस्कवरून कोणी फायली सोडवल्या असतील तर सविस्तर लिहा. काय चाललं, काय अंगाशी आलं, कुठे हात टेकले. 'बॅकअप घ्यायला हवा होता' एवढं सोडून काहीही चालेल.

* * *

बंद ठेवलीत हे उत्तम. आता विंडोजला जोडूच नका. सेक्टर वाचता आला नाही की विंडोज तोच पुन्हा पुन्हा मागत बसतं, आणि वर चेकडिस्क चालवू का म्हणून विचारतं. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं. तुमच्या फायली वाचवणं नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी ते बिनदिक्कत छाटतं, तेही त्याच आजारी डिस्कवर लिहून.

मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घेतली. याची पद्धत मला फार आवडते. सोपं असेल ते आधी भराभर उचलायचं, अडलं की पुढे उडी मारायची, आणि सगळीकडून फिरून झाल्यावर मग अडलेल्या जागा कडेकडेने कुरतडायच्या. कुठपर्यंत काय वाचलं ते मॅप फायलीत लिहिलं जातं. प्रोग्राम चालवताना त्या फायलीचं नाव द्यायला अजिबात विसरू नका. वीज गेली, डिस्क रुसली, तरी काम तिथूनच पुढे चालू होतं.

पडद्याकडे बघत बसणं मात्र जिवावर येतं. वेग सेकंदाला ५० एमबीच्या आसपास असतो, मग एकदम काही केबी, मग शून्य. आणि शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं तो आकडा वाढतच जातो. मी डिस्कवर टेबलफॅन सोडून खोलीबाहेर गेलो. नंतर शेवटाकडून सुरुवातीकडे असं उलटं वाचायला लावलं, तेव्हा आणखी थोडं निघालं. चेकडिस्क चालवलं ते त्या प्रतीच्याही प्रतीवर. गेला तो एका व्हिडिओच्या मधला तुकडा आणि ब्राउझरचा साठलेला कचरा. कचऱ्याचं सुतक पाळलं नाही.

* * *

हे सगळं करण्याआधी केबल आणि वीजपुरवठा तपासा. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. शिवाय आयडीईला मास्टर-स्लेव्हचा जंपर असतो, म्हणजे एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी ही पहिली की दुसरी ते ठरवणारी, पिनांवर बसणारी छोटी टोपी. आमची 'मेलेली' डिस्क जंपर हलवल्यावर मुकाट्याने दिसायला लागली.

* * *

पूर्ण प्रत आधी, हे मला सरसकट पटत नाही. डिस्क मोठी असेल आणि हवं ते एकाच फोल्डरमध्ये असेल, तर मी लिनक्समधून फक्त वाचनासाठी माउंट करून (म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशी उघडून) तेवढंच आधी उचलते. आमच्याकडे तसं केलं आणि फोटो निघाले. बाकीचं उचलेपर्यंत डिस्कने मान टाकली. पूर्ण प्रत घेत बसले असते तर फोटोंची पाळी आलीच नसती.

* * *

ताई, मुद्दा रास्त आहे, पण फोल्डर उघडला की हेडला (डिस्कच्या तबकडीवरचं वाचणारा भाग) डिस्कभर धावाधाव करावी लागते. प्रत घेताना ते ओळीने सरकतं. ८० जीबीच आहे, मी प्रतच घेईन. एक टीबी असती तर तुमचं ऐकलं असतं.

* * *

माझी गोष्ट वाईट आहे. चालू केली की गरगरायची, मग टक... टक... टक, मग चिडीचूप. हा आवाज म्हणजे हेडला तबकडीवरच्या मार्गखुणा सापडत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा मागे येतं. इथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. हेड बदलावं लागतं, तेही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधून काढून, धूळविरहित खोलीत. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, त्याच्या मानाने धुळीचा कण म्हणजे डोंगर. प्रयोगशाळेत नेण्याआधी एका दुरुस्तीवाल्याने 'बघूया तरी' म्हणून झाकण उघडून ती चालू केली होती. प्रयोगशाळेने तबकडीवर गोल ओरखडा दाखवला, कडेला बारीक काळपट भुकटी. त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि मी वाद घातला नाही.

* * *

टकटक नाही, फिरणंही नाही, अगदी ढिम्म, असं असेल तर आशा ठेवा. आमच्या बाहेरच्या डिस्कला कोणीतरी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला होता. सर्किट बोर्डवर एक संरक्षक डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन पुढचं वाचवतो. जाणकाराने तो काढला आणि योग्य अडॅप्टरवर डिस्क चालू झाली. डायोड गेल्यावर संरक्षणही गेलं, म्हणून लगेच सगळं उतरवून घेतलं. तशाच मॉडेलचा बोर्ड आणून बसवणं फार जुन्या डिस्कना चालायचं. नंतरच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची खास माहिती बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिपही हलवावी लागते.

* * *

आणि फ्रीझरमध्ये ठेवणं? आमच्या ऑफिसात सगळे शपथेवर सांगतात.

* * *

(धागा काढणारा) नको हो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, आणि ते हेडखाली आलं की संपलं. असलं साहस नको असलेल्या डिस्कवर करा.

* * *

प्रत मिळाल्यावर फोल्डरच दिसत नसतील किंवा 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर नाही म्हणा आणि प्रतीवर टेस्टडिस्क हा प्रोग्राम चालवा. बऱ्याचदा हरवलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, सापडतं. नाहीच जमलं तर फोटोरेक हा दुसरा प्रोग्राम. ते फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फायली उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. हजारो फायली, नाव काय तर एफ आणि पुढे आकडे. फोटोंना आतल्या तारखेवरून नावं देणारी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांनी निम्मं काम होतं. लिखाण मात्र एकेक उघडून बघावं लागतं.

* * *

वडिलांचं लिखाण म्हणालात म्हणून सांगते. फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर ती खराब झाली असं समजून टाकून देऊ नका. युनिकोडच्या आधी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत लिहिलेला असायचा आणि तो फाँट नसेल तर हेच दिसतं. त्याच डिस्कच्या प्रतीत विंडोजच्या फोल्डरात 'फाँट्स' शोधा, बहुधा तिथेच असतो. तो बसवला की मजकूर वाचता येतो, आणि मग फाँट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो. जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या, तिथे हमखास घोळ होतो.