लस आहे, मग पटकी का जात नाही?

'तोंडाने घ्यायची लस आहे, तरी कॉलरा (पटकी) अजून का?' हा प्रश्न रास्त आहे. पण मुळात लस पुरेशी नाही. २०१३ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय साठा उभा राहिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तुटवड्यामुळे साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा द्यायची वेळ आली. एका मात्रेचं संरक्षण फार काळ टिकत नाही. त्यातच हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस बनवणं थांबवलं.

आणि लस शुद्ध पाण्याची जागा घेऊ शकत नाही. कॅरिबियनमधल्या हैती देशाचंच बघा. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं मैलापाणी आर्तिबोनीत नदीच्या उपनदीत गेलं, पटकी पसरली आणि सुमारे दहा हजार माणसं दगावली. मदतीला आलेल्यांकडूनच हे झालं, याचा मला आजही संताप येतो. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये! पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही रुग्ण नव्हता. मग २०२२ मध्ये टोळ्यांनी इंधनाचं कोठार अडवलं, इंधनाअभावी शुद्ध पाणी मिळेना, आणि ऑक्टोबरमध्ये पटकी परतली.

२०३० पर्यंत पटकीचे मृत्यू ९० टक्क्यांनी कमी करायचं जागतिक उद्दिष्ट आहे. त्यासाठी लशीची वाट पाहायची गरज नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्युदर ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आणला होता.